साडेतीन किलो ज्वारीचा चाप

आमच्या घरात शिकारीची एक रायफल आहे आणि तिने आजवर एकही शिकार केलेली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण रायफल म्हटलं की लोक खुर्ची पुढे ओढतात आणि वाघ कधी येतो याची वाट बघत बसतात. वाघ येणार नाही. गंगापूर तालुक्यात आमचं शेत आहे. तिथे रानडुकरं येतात, हरणं येतात आणि महिन्यातून एकदा, आलाच तर, वायरमन येतो.

रायफल माझ्या वडिलांची. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. सरकारने शिकारीवर बंदी आणली आणि त्यानंतर काही वर्षांनी अण्णांनी शिकारीची रायफल विकत घेतली, यावरून त्यांचा स्वभाव कळावा. परवाना मिळाला तो पिकांच्या रक्षणासाठी. सरकारी कारखान्यात बनलेली, लाकडी दस्त्याची, बोल्ट मागेपुढे करून एकेक गोळी चढवायची. वजन एवढं की खांद्यावर घेऊन बांधाला एक फेरी मारली की माणूस डुकरांना माफ करून घरी येतो.

तिचं वर्ष ठरलेलं असायचं. खंडेनवमीला पूजा, आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. आचारसंहितेत परवान्याची हत्यारं ठाण्यात ठेवावी लागतात, आणि आपल्याकडे निवडणुकांना तोटा नाही. लोकसभा झाली की विधानसभा, ती झाली की जिल्हा परिषद. आमच्या रायफलीने ठाण्यात जितके दिवस काढले तितके तालुक्यातल्या एखाद्या सराईत चोरानेही काढले नसतील. प्रत्येक वेळी नवा हवालदार पावती लिहिता लिहिता विचारायचा, "काका, किती लोळवले आजवर?" अण्णा गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "मोजले नाय." यात खोटं काहीच नव्हतं.

आता माझ्याविषयी थोडं. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि मला राग लवकर येतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, असं आमच्या शिक्षकखोलीत बोललं जातं. चार वर्षांपूर्वी रक्तदाब वाढला तेव्हा डॉक्टर म्हणाले, मन एकाग्र होईल असा काहीतरी छंद लावून घ्या. त्यांच्या मनात विणकाम असावं. मी रायफल क्लबात नाव घातलं. रागीट बाईच्या हातात बंदूक देणं हा कसला उपाय, असं घरातल्या सगळ्यांनी विचारलं. पण उपाय लागू पडला. हवेच्या बंदुकीने दहा मीटरवरच्या कागदावर नेम धरायचा म्हटलं की श्वाससुद्धा परवानगी काढून घ्यावा लागतो, तिथे राग कुठून आणणार.

क्लबातली बंदूक परदेशी बनावटीची. तिचा चाप, म्हणजे बोटाने ओढायचा तो भाग, इतका हलका की बोट टेकवायचं नुसतं मनात आलं तरी छर्रा सुटतो. तिथे मला कळलं की नेमबाजी डोळ्यात नसते, बोटाच्या शेवटच्या पेरात असते. चाप जड असला की बोटाबरोबर मनगट आवळतं, मनगटाबरोबर खांदा, आणि नळी जिकडे जायला नको तिकडे जाते. हे ज्ञान डोक्यात घेऊन मी एका रविवारी अण्णांची रायफल उचलली, बोल्ट उघडून ती रिकामी आहे याची दोनदा खात्री केली, भिंतीकडे तोंड केलं आणि चाप ओढला.

काही झालं नाही. चाप थोडा मागे आला, मोकळाच. मग खरखरला. मग निम्म्यावर येऊन थांबला. आणखी जोर लावला तर पुन्हा खरखरला. मी दात आवळले, एक डोळा आपोआप मिटला, आणि केव्हातरी, माझा त्यातला रस संपत आला असताना, खट् असा आवाज झाला. तोवर नळीचं तोंड भिंतीवरच्या कॅलेंडरवरून घसरून पंख्याच्या बटणावर गेलं होतं.

"अण्णा, हा चाप आहे की हापसा?"

"कारखान्यातून आला तसा हाय," अण्णा अभिमानाने म्हणाले. "हात लावू देला नाय कुणाला."

त्या दिवसापासून मला त्या चापाने पछाडलं. रात्री जेवणं झाली की मी फोनवर व्हिडिओ बघायची. परदेशातली माणसं शिकारीची नवीकोरी रायफल आणतात आणि पहिलं काम काय करतात, तर तिचा चाप काढून टाकतात. कारखाने म्हणे कोर्टकज्ज्यांना भिऊन चाप जड ठेवतात, म्हणून ही मंडळी दुसऱ्या कंपनीचा चाप मागवतात. छोट्याशा डबीत येतो, दोन खिळे काढायचे, दोन घालायचे, झालं. मग ते बोटाने टिचकी मारल्यासारखं करून दाखवतात आणि प्रेमात पडल्यासारखे हसतात. आमच्या रायफलीसाठी असा चाप शोधायला मी बसले. पृथ्वीवर कुणीही तिच्यासाठी काहीही बनवत नव्हतं. मला राग आला, पण कुणावर काढावा ते समजेना, म्हणून मी दुसऱ्या दिवशी नववीची चाचणी घेतली.

इथवर सगळी गंमतच होती. मग अण्णांच्या बोटांचं दुखणं सुरू झालं.

आईअण्णा आता शहरात, उस्मानपुऱ्यात, माझ्याजवळच राहतात. शेत वाट्याने दिलेलं आहे. अण्णांनी पंचाहत्तरी ओलांडली आणि संधिवाताने आधी गुडघे धरले, मग हात. रायफल माझ्या नावावर करायची असं आमचं ठरलं होतं. वय झालेल्या माणसाला परवाना वारसाच्या नावे करता येतो. फॉर्म मी आणून ठेवला होता. पण अण्णांची एक अट होती. दरवर्षी दिवाळीच्या आधी क्लब परवानाधारकांसाठी नेमबाजीचा एक दिवस ठेवतो. त्यात ज्येष्ठांचा गट असतो. टेबलावर वाळूची पिशवी, त्यावर रायफल टेकवायची, पन्नास मीटरवर कागद, प्रत्येकी पाच गोळ्या.

"पाच गोळ्या माझ्या हातानं वाजवतो," अण्णा म्हणाले, "मंग देतो सही. तिला अशी न वाजवता देली तर बरं वाटायचं नाय."

मागणी काही मोठी नव्हती. रोज सकाळी चहानंतर ते रिकामी रायफल मांडीवर घेऊन सराव करायचे. सुरुवातीला खट् असा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मग तो उशिरा यायला लागला. आषाढात एक दिवस मी डोकावले, तर अण्णा उजव्या हाताच्या बोटावर डाव्या हाताचं बोट ठेवून, दोन्ही मिळून चाप ओढत होते, आणि तरी तो येत नव्हता. मला बघून त्यांनी चटकन डावा हात खाली घेतला आणि रायफलीचा दस्ता पुसायला लागले. अण्णा कुणापासून काही लपवणारे नाहीत, आणि ते माझ्यापासून बोट लपवत होते.

त्याच आठवड्यात मी त्यांना जुन्या शहरातल्या उस्तादांकडे घेऊन गेले. तेल-पाणी करायला, असं सांगून. उस्ताद तिसऱ्या पिढीचे बंदूक दुरुस्त करणारे. सरकारी परवाना भिंतीवर फ्रेम करून लावलेला, आणि खाली ओळीने दहा-बारा शिलाई मशिनी. कारण बंदुका कमी झाल्या आणि ब्लाउज काही कमी झाले नाहीत. परवाना अण्णांच्या नावावर असल्यामुळे रायफलीबरोबर अण्णांना न्यावंच लागतं. मी त्यांना बाहेरच्या बाकावर चहा देऊन बसवलं आणि आत जाऊन हळू आवाजात सगळं सांगितलं.

उस्तादांनी रायफल उघडून बघितली, रिकामी असल्याची खात्री केली, शिकंज्यात उभी लावली. मग गल्ल्यामागून ज्वारीची पिशवी काढली. मला वाटलं भूक लागली असेल. त्यांनी एक कापडी थैली दोरीने चापाला लटकवली आणि तिच्यात मूठमूठ ज्वारी टाकायला लागले. थैली फुगत गेली. एवढी ज्वारी पडली की दोन माणसांच्या दोन दिवसांच्या भाकरी झाल्या असत्या, तेव्हा कुठे खट् झालं. उस्तादांनी थैली काट्यावर ठेवली.

"साडेतीन किलो," ते म्हणाले. "ताई, ये लबलबी नहीं, बैलगाडी का ब्रेक है." लबलबी म्हणजे चाप.

"ज्वारीच का?" मी विचारलं. माझ्यातली विज्ञानाची बाई गप्प बसत नाही.

"अब्बा ऐसाच तोलते थे. दाना दाना पडता, तो बराबर मालूम पडता किस दाने पे छूटी." मला हे पटलं. शाळेच्या प्रयोगशाळेतला स्प्रिंगकाटा तीन वर्षांपासून अडकलेला आहे. त्यापेक्षा ज्वारी बरी.

आम्ही ठरवलं की साडेतीनाचा एक किलो करायचा. उस्ताद आतले भाग नवे घडवणार, घासून गुळगुळीत करणार, जुने तसेच काढून डब्यात जपून ठेवणार. मग त्यांनी बाहेर बाकाकडे बघितलं. अण्णा शेजारच्या दुकानदाराला डुकरांच्या सवयी समजावून सांगत होते.

"बडे साबकू पूछे ना?"

"विचारलंय," मी म्हणाले.

नव्हतं विचारलं. माझी खात्री होती की विचारलं तर नाही म्हणतील, आणि नाही म्हटलं तर पाच गोळ्या राहतील. शाळेत मुलं खोटं बोलली की मी त्यांना वर्गाबाहेर उभं करते.

पंधरा दिवसांनी रायफल घरी आली. अण्णा दुपारी झोपले असताना मी चाप ओढून पाहिला. आहाहा. लोण्यातून सुरी. मला परदेशातल्या त्या हसणाऱ्या माणसांची आठवण झाली आणि मीही तशीच हसले. एवढा आनंद एकटीने सोसवेना, म्हणून मी आईला सांगितलं. नवा चाप बसवलाय, अण्णांना मैदानावर गेल्यावरच कळू दे, तू बोलू नकोस. आई रायफलीला आजवर सवत म्हणत आलेली. पण तिने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि व्हय म्हणाली. अण्णांचा सरावही मी बंद पाडला. बोटाला आराम द्या, डॉक्टरांनी सांगितलंय, असं म्हटलं. डॉक्टरांनी तसं काही म्हटलं नव्हतं. एक खोटं बोललं की त्याला सोबत लागते.

खंडेनवमी आली. पाटावर रायफल, तिच्या शेजारी विळा, खुरपं, माझी कंपासपेटी आणि मिक्सर. आमच्याकडे जे जे कापतं किंवा फिरतं त्याची पूजा होते. दरवर्षी आई रायफलीच्या नळीवर हळदीकुंकवाची दोन बोटं उठवते, झेंडूचं फूल ठेवते आणि उठते. यंदा मात्र ती रायफलीपाशी बराच वेळ खाली वाकून बसली होती. मला वाटलं गुडघे धरले असतील.

आरती झाली. अण्णांनी रायफल कपाळाला लावली, बोल्ट उघडून बघितला, बंद केला, भिंतीकडे तोंड करून चापावर बोट ठेवलं. मी मनात म्हटलं, आता. कळू दे. चेहरा बघू यांचा.

काहीच झालं नाही. चाप जागचा हललाच नाही. साडेतीन किलोचा हलायचा तरी, हा तर दगडात रोवल्यासारखा. अण्णांनी बोट काढलं, चष्मा लावला, जवळ घेऊन बघितलं. चापाच्या फटीत कुंकू, हळद आणि तूप यांचा गोळा होता, आणि त्यात अक्षता रुतलेल्या.

"हे काय केलं?" अण्णांनी विचारलं.

"नवीन वस्तूची पूजा नको का करायला?" आई म्हणाली. "मिक्सर नवा आणला तवा नाय का केली? नवा चाप बसवलाय लेकीनं, म्हणून तिथंच नीट तुपात भिजवून अक्षता..."

मग तिच्या लक्षात आलं. तिने पदर तोंडावर घेतला. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी चाचणीतल्या मुलासारखी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी राहिले.

ते रागावले असते तर मी उलट रागावले असते, ते मला जमतं. पण ते एवढंच म्हणाले, "उद्या उस्तादाकडं चल."

उस्तादांनी चाप खोलला आणि टाळू दिसेपर्यंत हसले. "ताई, इसमें तो पूरा परशाद है." मग चिमट्याने एक अक्षत काढून त्यांनी काचेवर ठेवली. जुना चाप इतका ढिलाढाला होता, ते म्हणाले, की त्यात पन्नासेक वर्षं कुंकू गेलं, चिखल गेला, एखादा किडा राहून गेला असेल, तरी तो चालला; फौजेच्या नमुन्यावर बनलेला, चिखलात लोळून उठला तरी चालायलाच हवा असा. नवा नाजूक. त्याच्यात तांदळाचा एक दाणा म्हणजे रेल्वेच्या रुळावर म्हैस. कारखान्याला नावं ठेवण्यात मी जी चार वर्षं घालवली होती, त्यांच्याकडे मी मनातल्या मनात जरा ओशाळून बघितलं. "साफ कर देता, दस मिनिट का काम," उस्ताद म्हणाले.

"नको," अण्णा म्हणाले. "जुना घाला."

"अण्णा, दहा मिनिटांत होतंय. आणि तुमच्या बोटाने तो जुना..."

"जुना घाला."

आता मात्र मला राग आला, आणि तो मी उस्तादांच्या दुकानात, बारा शिलाई मशिनींसमोर काढला. दहा दिवसांवर मैदान आलंय, म्हटलं. बोट वळत नाही, मी बघितलंय. दोन हातांनी ओढता, तेही बघितलंय. मला तुमच्या पाच गोळ्या व्हायला हव्यात, यात माझं काय चुकलं? हट्ट कशाचा करायचा याला काही मर्यादा? अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "बघू," म्हणाले. उस्तादांनी खाली मान घालून डब्यातले जुने भाग काढले आणि बसवले.

मैदान शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. ज्येष्ठांच्या गटात सात जण होते आणि सातांचे मिळून चांगले गुडघे चार. मैदानावरचे अधिकारी निवृत्त फौजी, आवाज अजून सीमेवरच असल्यासारखा. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, टोपी ठीक करून टेबलाशी बसले. कानात आवाज अडवणारे बोळे घातले. वेळ दहा मिनिटं. मी मागच्या दोरीबाहेर उभी होते.

शिट्टी झाली. डावी-उजवीकडून बार वाजायला लागले. अण्णांनी गोळी चढवली, गाल दस्त्याला लावला, बोट चापावर ठेवलं. मला त्यांची पाठ दिसत होती. खांदा हळूहळू वर चढला, थरथरला, खाली आला. त्यांनी बोट काढून झटकलं, पुन्हा ठेवलं. पुन्हा खांदा चढला. शेजारच्या आजोबांच्या तीन गोळ्या झाल्या. मग पाच झाल्या. अण्णांची पाठ तशीच. मी दोरी एवढी घट्ट धरली होती की हाताला वळ उठले. एकदा वाटलं, जाऊन त्यांच्या बोटावर बोट ठेवावं. पण दोरीच्या आत जायची परवानगी नाही, आणि ती असती तरी त्यांना ते नको होतं, हे मला पाठीवरूनही कळत होतं.

दहा मिनिटं झाली. शिट्टी वाजली. अण्णांनी सावकाश बोल्ट उघडून गोळी बाहेर काढली, टेबलावर उभी ठेवली आणि हात वर केला. अधिकारी आले.

"काका, रायफल जाम झाली का?"

"रायफल झ्याक हाय साहेब," अण्णा म्हणाले. "बोट जाम हाय."

आजूबाजूचे म्हातारे हसले. अण्णाही हसले. मला मात्र रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. कडुनिंबाखाली एक बाक होता, तिथे आम्ही बसलो. मी म्हटलं, "तो हलका चाप असता तर पाचही झाल्या असत्या. का नाही ऐकलंत?"

अण्णा बराच वेळ रायफलीच्या पिशवीची नाडी बांधत बसले. त्यांची बोटं वळत नव्हती म्हणून वेळ लागत होता. मी मदत केली नाही.

"तुझ्या आईवर म्या एकदा नेम धरला व्हता," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं.

"रायफल नवी व्हती. डुकरांनी ज्वारीचा फडशा पाडला व्हता. वनखात्याचा कागद व्हता माझ्याकडं. दिवस मावळायच्या टायमाला बांधावर जाऊन बसलो. घरी समद्यांना सांगून ठेवलं व्हतं, आज ज्वारीकडं कुणी फिरकू नका. बाप व्हय म्हणाला, भाऊ व्हय म्हणाले, गडी व्हय म्हणाला. थोड्या टायमानं ज्वारी हलली. खाली, जमिनीलगत. काळं कायतरी दिसलं. म्या चाप ओढला. निम्म्यावर आला. तुला तर माहितीय, निम्म्यावर थांबतो तो. मंग जोर लावावा लागतो. म्या दम घेतला जोर लावायला, आन् बांगड्या वाजल्या."

डाव्या बाजूला पुढच्या गटाची शिट्टी झाली. अण्णा थांबले, बार संपेपर्यंत.

"तांब्या घेऊन आली व्हती. संडास कुठं व्हता तवा कुणाकडं? बाया दिवस मावळायचीच वाट बघायच्या. म्या समद्यांना सांगितलं, तिला कुणी सांगितलंच नाय. नवी नवरी. अमक्या ठिकाणी बसू नको, हे तिला कोण सांगणार? सासरा सांगणार, का दीर सांगणार? का मी? लाजंच्या मारं समदे गप बसले, आन् मला वाटलं घरात सांगून झालंय."

"मग?"

"मंग काय. तिथंच बसून ऱ्हायलो. ती गेली तरी बसून ऱ्हायलो. दुसऱ्या आठवड्यात संडास बांधाया काढला. गावातला पहिला. लोक लई हसले, बायकोला डोक्यावर बसवलं म्हणले. हसू देलं."

"आईला माहीत आहे?"

"नाय. आन् तू सांगायचं नाय."

मी त्या चापाचं वजन दाण्यादाण्याने करून घेतलं होतं. तो तसा का ठेवलाय, हे मात्र अण्णांना एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं म्हाताऱ्या माणसाचा हट्ट. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, इतक्या वर्षांपूर्वी टळून गेलेल्या गोष्टीची.

"पाच गोळ्या राहिल्या तुमच्या," मी शेवटी म्हणाले.

"ज्याच्या हातात बळ नाय त्याच्या हातून ती सुटत नाय," अण्णा म्हणाले. "नीट चालतोय की चाप. आण तुझा कागद, सही करतो."

फॉर्म माझ्या पर्समध्येच होता. त्यांनी मांडीवर ठेवून सही केली. सही बरीच वाकडी आली. ती चालेल की नाही याची मला आता वेगळी काळजी होती.

रिक्षात बसलो तेव्हा उस्तादांचा फोन आला. "ताई, कैसा हुआ? वो हल्का वाला साफ करके रखा है मैं. बोलो तो कल लगा देता." मी अण्णांकडे बघितलं. ते बाहेर रस्ता बघत होते, ऐकत नसल्यासारखे.

"नको उस्ताद," मी म्हणाले. "जुनाच राहू द्या."

"पक्का?"

"पक्का."

घरी पोहोचलो. आई स्वयंपाकघरात भाकरी करत होती. हल्ली ओट्यापाशी उभं राहवत नाही म्हणून तिने खाली शेगडी मांडून घेतली आहे. तिने तिथूनच आवाज दिला, "किती वाजवल्या?"

"एक बी नाय," अण्णा खुर्चीत बसत म्हणाले.

"मंग सकाळधरनं तिथं केलं काय?"

"बसलो."

"बसायला घरात काय काटे व्हते?" आई म्हणाली. "आन् माझ्या अक्षतांना बोल लावता."

मी आत गेले. ती पाठमोरी बसली होती, परातीवर वाकून. भाकरी थापताना तिच्या बांगड्या वाजत होत्या. थापली की वाजत, फिरवली की वाजत, मध्ये ती पाण्याचा हात घ्यायची तेवढा वेळ थांबत. मी तिच्या मागे खाली बसले आणि तिच्या पाठीवर डोकं टेकवलं.

"काय झालं गं?" ती म्हणाली. "ते पडले का तिथं? लागलं का कुणाला?"

"नाही," मी म्हणाले. "कुणाला काही लागलं नाही."

"मंग सरक. भाकर करपंल."

मी सरकले नाही. तिने तसंच हात लांब करून भाकरी उलटली.